पाहुणा आला की प्रेस बंद

धाकट्याचं तोंड महामार्गावर लागलं आहे, ही बातमी घरात आणली आत्याबाईंनी, आणि तीही चहा गाळता गाळता. त्यामुळे निम्मा चहा ओट्यावर गेला.

"तोंड लागलंय म्हणजे काय?" थोरल्या सुनेनं फडकं घेत विचारलं.

"फलकावर गं. आपल्या कारखान्याच्या दारापेक्षा मोठं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, शेजारी नदीपलीकडच्या त्या नव्या गावचा महापौर, आणि दोघं असे हसतायत की जणू सोयरीक जमलीय. खाली हे एवढाल्या अक्षरांत: आम्ही येतोय, तुम्ही कधी? मी बसमधून पाहिलं. शेजारच्या बाईला म्हटलं, हा माझा भाचा. ती म्हणाली, छान दिसतो की. आता त्यावर मी काय बोलणार? दिसतोच."

ही परवाची गोष्ट. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. बाबा खिशातली जुनी पितळी बिजागरी काढून उघडझाप करत बसले होते, कटक कटक. काळजी वाटली की ते तेच करत. सासरा बोलत नाही आणि बिजागरी बोलते, अशी ती दोन दिवसांची तऱ्हा होती. धाकटा सकाळी लवकर बाहेर पडत होता आणि उशिरा येत होता. थोरलीचा नवरा, ज्याला कारखान्यातल्या बायका पाठीमागे मौनीबाबा म्हणत, तो नेहमीसारखाच गप्प होता, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्यातून काही कळायची सोय नव्हती.

आणि आज समिती येणार होती.

खाली बिजागऱ्यांचा कारखाना आणि वर घर, असं त्यांचं पहिल्यापासूनचं. खाली पत्र्याच्या पट्टीवर प्रेस पडली की वर फडताळातल्या वाट्या किणकिणत. थोरली नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा पहिले काही दिवस त्या आवाजानं दचकायची. मग एकदा ऑर्डरची घाई असताना पिना बसवणारी एक बाई आजारी पडली, म्हणून ती दुपारपुरती खाली गेली, आणि ती दुपार अजून संपली नव्हती. कोणत्या प्रेसचा साचा झिजत आलाय, कोणत्या बाईचं घरी बिनसलंय, पॉलिशच्या ड्रममध्ये माल जास्त भरलाय का, हे तिला आवाजावरून समजायचं. कागदावर मात्र तिचं नाव कुठेच नव्हतं. जागा बाबांच्या आणि आत्याबाईंच्या नावावर, धंदा दोन मुलांच्या नावावर. ती आपली वहिनी. बायका तिला वहिनी म्हणत, ट्रकवाले वहिनी म्हणत, एकदा तर बँकेच्या माणसानंही वहिनी म्हटलं होतं.

गल्ली एके काळी सगळी कारखान्यांची होती. एक काचवाला, एक दोरखंडवाला, दोन छापखाने, डबे बनवणारे भाऊ. एकेक करत सगळे उठून गेले आणि त्यांच्या जागी बाल्कन्या आल्या. बाल्कन्यांत राहायला आलेल्या लोकांना मग प्रेसचा आवाज खुपू लागला. आता महापालिकेपुढे प्रश्न होता की ही गल्ली कामधंद्यासाठी राखायची, की सरसकट राहायच्या इमारतींना देऊन टाकायची. राखली तर विजेची नवी केबल येणार होती, ट्रक वळवायला जागा मिळणार होती. नाही राखली तर कारखान्याला गाशा गुंडाळावा लागणार होता. समिती तेच ठरवायला येत होती, स्वतःच्या डोळ्यांनी बघून.

कारखाना फलकावर म्हटल्याप्रमाणे नदीपलीकडे गेला तर इथून पायी येणाऱ्या बायका तिथे कशा पोचणार, हा प्रश्न थोरलीला रात्रंदिवस छळत होता. त्याच्यामागे आणखी एक प्रश्न होता, तो ती स्वतःलाही मोठ्यानं विचारत नसे. पलीकडे काचेचं ऑफिस असेल, शिकलेला मॅनेजर असेल. मग आपण कुठे असू? वर, या ओट्यापाशी, आणि वाट्या किणकिणणार नाहीत.

"ते लोक कधी येणार?" बाबांनी विचारलं. दोन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"जेवणाच्या आधी," थोरली म्हणाली. "बाबा, तुम्ही काय बोलायचं ते ठरवलंय ना?"

"त्यात ठरवायचं काय? माझ्या वडिलांनी इथे पहिली प्रेस कशी बसवली तिथून सांगेन."

"तिथून सांगू नकोस," आत्याबाई म्हणाल्या. "समिती जेवणाच्या आधी येतेय. तुझी गोष्ट संपेपर्यंत रात्रीचं जेवण होईल."

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले आणि धाकटा आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर मोठं घड्याळ. फलकावरच्याइतका तो हसत नव्हता. बाबांची बिजागरी थांबली. सगळे त्याच्याकडे बघू लागले आणि तो पाण्याच्या ग्लासाकडे.

"बाबा," तो म्हणाला, "आज मोठी माणसं येणार. आजोबांचा नियम पाळायचा ना?"

बाबांचा चेहरा एकदम उजळला. रागावलेल्या माणसाला रुसवा सोडायला निमित्त हवं असतं, आणि हे तर घरच्या देव्हाऱ्यातलं निमित्त होतं. "पाळायचा म्हणजे? हे काय विचारणं झालं? सूनबाई, बायकांना सांगून ठेव."

"सांगते," थोरली म्हणाली, आणि तिलाही बरं वाटलं. तिला वाटलं, पोरगा विरघळला. आजोबांचं नाव तोंडात आलं म्हणजे घर अजून त्याच्या मनात आहे. आपल्याला जे हवं असतं तेच माणूस ऐकतो, आणि थोरली तर दोन दिवस काही ऐकायला आसुसली होती.

तो नियम असा. आजोबा प्रेसवर बसले असताना कुणीतरी ओळखीचं दारात आलं. आजोबा मान वळवून "या, बसा" म्हणाले, आणि तेवढ्यात प्रेस खाली आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातून परत आल्यावर त्यांनी सांगितलं की परका पाय उंबऱ्याच्या आत आला की हात मशीनमधून बाहेर. एक प्रेस थांबली की सगळ्या थांबवायच्या, आणि तो पाय परत बाहेर पडला की चालू करायच्या. त्यानंतर या कारखान्यात कुणाचं नखसुद्धा गेलं नाही. नव्या बाईला मोरी कुठे आहे हे सांगण्याआधी हा नियम सांगितला जाई.

थोरलीनं खाली जाऊन बायकांना हात पुसून ठेवायला आणि समिती आली की ओळीनं उभं राहायला सांगितलं. पॉलिश झालेल्या बिजागऱ्यांची एक रास दारापाशी मांडली. शेवटच्या प्रेसवरच्या बाईच्या ओढणीला नीट गाठ मारून दिली. मग उगाच दारात जाऊन गल्लीच्या टोकाकडे बघून आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

समितीत तिघे होते. महापालिकेच्या उद्योग खात्यातल्या एक अधिकारी बाई, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या. एक विजेचे इंजिनिअर. आणि समोरच्या इमारतीचे सोसायटी अध्यक्ष, ज्यांनी आवाजाविरुद्ध अर्ज केला होता. तिघांनी उंबरा ओलांडला, आणि पहिल्या प्रेसवरची बाई हात वर करून उभी राहिली. मग दुसरी. मग ओळीनं सगळ्या. पॉलिशचा ड्रम शेवटची घरघर करून थांबला. लग्नात वऱ्हाड आल्यावर मुलीकडचे उभे राहतात तशा बायका उभ्या राहिल्या, आणि थोरलीचा ऊर भरून आला.

तिघे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"हे तर बंदच आहे की," अध्यक्ष म्हणाले.

अधिकारी बाईंनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "कधीपासून बंद आहे?"

"बंद नाही," थोरली म्हणाली. "थांबवलंय. तुम्ही आलात म्हणून."

"आम्ही आलो म्हणून?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे," बाबा छाती काढून म्हणाले.

"पाहुणा आला की कारखाना बंद?" अध्यक्ष हसले. "मग आम्ही रोज येत जाऊ. तेवढीच दुपारची झोप तरी लागेल."

इंजिनिअर साहेब मीटरपाशी जाऊन वाकून बघत होते. अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मी महामार्गावरचा फलक पाहिलाय. तुम्ही पलीकडे चाललात हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. मी भांडून ही भेट ठरवली, म्हटलं निदान बघून तरी येऊ. पण काम चालू असलं तरच गल्ली राखता येते. मी इथे उभ्या असलेल्या बायका आणि गार मशीनं पाहिली, तर काय सांगू सगळ्यांना?"

सगळं थोरलीनंच तर केलं होतं. हात पुसायला तिनंच सांगितलं होतं, ओळीनं उभं राहायला तिनंच सांगितलं होतं. चालत्या कारखान्याला तिनं स्वतःच्या हातानं तिरडीवर ठेवलं होतं आणि वर बाजूला उभी राहून कौतुकानं बघत होती.

मग तिनं दाराबाहेरच्या जिन्याकडे पाहिलं. धाकटा शेवटच्या पायरीवर उभा होता आणि बुटाच्या टोकाकडे बघत होता. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा ती या घरात आली. आई नसलेलं पोर, तिनं त्याला भाताचे घास भरवले होते, प्रेसच्या तालावर पाढे पाठ करून घेतले होते. काही फोडलं, सांडलं, लपवलं की तो असाच अंगठ्याकडे बघत उभा राहायचा. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"बाहेर व्हा," ती म्हणाली.

"काय?" अधिकारी बाई म्हणाल्या.

"तुम्ही सगळे बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता. उंबऱ्याबाहेर."

"सूनबाई!" बाबा ओरडले. या घरात पाहुण्याला पाणी न देता कुणी पाठवलं नव्हतं, आणि ही तर हाकलत होती.

"बाबा, तुम्हीपण चला. नाहीतर इथेच थांबा, पण ह्यांना बाहेर जाऊ द्या."

बाबांना काही उमजेना. आत्याबाईंना मात्र उमजलं. त्या एकदम पुढे आल्या आणि कोंबड्या हाकाव्यात तसे दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "चला, चला, व्हा बाहेर. आमच्या घरात मोठ्या सुनेचं ऐकावं लागतं. मीसुद्धा ऐकते, आणि मी कुणाचं ऐकत नाही."

समिती मागे मागे सरकत गल्लीत गेली. अध्यक्ष एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभे राहिले.

"साहेब, तो दुसरा पाय," थोरली म्हणाली.

"हा काय पोरखेळ चालवलाय?" म्हणत त्यांनी पाय बाहेर घेतला.

आणि पहिली प्रेस खाली आली. धाड. मग दुसरी, तिसरी, सगळी रांग. चौकटीवरची धूळ अध्यक्षांच्या खांद्यावर पडली. उघड्या दारातून सगळं दिसत होतं. पट्टी आत सरकतेय, बिजागरीचं पान कापलं जातंय, पुढच्या प्रेसवर त्याची कड गोल वळतेय, पलीकडच्या टेबलावर बायका दोन पानं एकमेकांत अडकवून पिन ठोकतायत, एकदा उघडून, एकदा मिटून खोक्यात टाकतायत. बोलायला सवड नसलेल्या बायकांचे हात काय वेगानं चालतात, ते बघण्यासारखं असतं. अधिकारी बाई पिशवीचा पट्टा धरून बघत राहिल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, पण त्यांचे फक्त ओठ हललेले दिसले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून पट्टीचा ट्रक उलटा येऊ लागला. तो रोज उलटाच येत असे, कारण सोसायटीच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागल्यामुळे त्याला आत आल्यावर वळता येत नव्हतं. क्लीनर मागे धावत "येऊ दे, येऊ दे, बस, अरे बस!" ओरडत होता. समितीला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं. इंजिनिअर साहेबांची टोपी ट्रकच्या आरशाला अडकली आणि दोन घरं पुढे गेली.

त्यानंतर सगळे गल्लीतल्या जिन्यानं वर जाऊन लहान ऑफिसात बसले. टेबलावरचे कप बशीत थरथरत होते आणि आज ते ऐकून थोरलीला जीव परत आल्यासारखं वाटत होतं. तरी अजून काहीच ठरलं नव्हतं.

अधिकारी बाई म्हणाल्या, "मला एकच विचारायचंय. काय केलं तर तुम्ही राहाल?"

बाबांनी घसा खाकरला. वडिलांची पहिली प्रेस त्यांच्या जिभेवर आली असावी. पण ते थांबले, खिशातली बिजागरी एकदा उघडली, एकदा मिटली, आणि म्हणाले, "ते सूनबाई सांगेल."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. मौनीबाबांनी मान हलवली, बोल म्हणून.

"काही जगावेगळं नकोय," ती म्हणाली. "दुपारी वीज कमी दाबानं येते, मोठी प्रेस मध्येच अडकते. ट्रकला वळायला जागा नाही, ते तुम्ही बघितलंच. आणि आमच्या बायकांचा बसथांबा तुम्ही उचलून त्या तुमच्या नव्या कारंज्यापाशी नेलात. पायी येणाऱ्या येतात, पण लांबच्या दोघी-तिघी त्यामुळे सुटल्या. ते कारंजं कशासाठी आहे हो?"

"बाहेरच्या कंपन्यांना यावंसं वाटावं म्हणून," बाई ओशाळून म्हणाल्या. "कारंज्यामागची काचेची इमारत पण त्यांच्याचसाठी. अजून निम्मी रिकामी आहे."

"पिकतं तिथे विकत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "नव्या पाहुण्यासाठी कारंजं, आणि घरच्या माणसाचा थांबा उचलला."

"आणि माझ्या आईचं काय?" अध्यक्ष मध्येच बोलले. त्यांचा आवाज मघासारखा चढा नव्हता. "ती अंथरुणाला खिळलीय. दुपारी जरा डोळा लागतो, की तुमची मोठी प्रेस. तुम्हाला मी भांडखोर वाटतो. पण ती दचकून उठते ते तुम्ही पाहिलेलं नाही."

थोरलीला तिची नवी नवरीपणातली दचक आठवली. "मोठी प्रेस जेवणानंतर थांबवू," ती म्हणाली. "पिना घालायचं काम तेव्हा करू, त्याला आवाज नाही. हे तुम्ही येऊन सांगितलं असतं ना, तर आधीच केलं असतं. तुम्ही थेट अर्ज केलात."

"तुम्ही तरी कधी विचारलंत?" अध्यक्ष म्हणाले.

थोरलीनं त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

अधिकारी बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या धाकट्याकडे वळून पाहिलं. "फलकावरचे तुम्हीच ना? पलीकडच्या लोकांनी असं काय विचारलं तुम्हाला?"

"चहा घेणार की कॉफी, एवढंच," धाकटा म्हणाला. "मग जमीन दाखवली. पण बोलावलं तर त्यांनी. गाडी पाठवली, नाव घेऊन हाक मारली. तुम्ही इतक्या वर्षांत या गल्लीत कधी आलात? फलक लागल्यावर आलात."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "बैल गेला आणि झोपा केला, ही आमच्या ऑफिसची जुनी सवय. या गल्लीतून जे गेले ते का गेले, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. म्हणून तर आज आले."

आत्याबाईंनी पदर खोचला. "माझी अर्धी जागा इथून हलणार नाही. उरलेल्या अर्ध्याचं माझ्या भावानं सांगावं."

बाबांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. "राहणार आम्ही," ते टेबलाला सांगावं तसं म्हणाले.

जाताना इंजिनिअर साहेबांनी नवी केबल कुठून येईल ते भिंतीवर खडूनं आखलं. अधिकारी बाईंनी थोरलीचा हात हातात घेतला. "वचन देत नाही, पण गल्ली राखावी असंच मी सांगणार. आणि अध्यक्ष साहेब आता विरोध करणार नाहीत, असं दिसतंय." अध्यक्ष खांद्यावरची धूळ झटकत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

ते गेले आणि ऑफिसात थोरली आणि धाकटा दोघंच उरली.

"भाऊजी," ती म्हणाली, "सकाळी नियमाची आठवण तुम्ही मुद्दाम केलीत."

धाकट्यानं झटका बसल्यासारखं वर पाहिलं. "वहिनी, तू मला अहो-जाहो करतेयस?"

"केलीत की नाही?"

"केली. मला वाटलं, बंद कारखाना बघतील आणि परस्पर निकाल लावतील. म्हणजे मला बाबांशी भांडावं लागणार नाही, तुझ्याशी भांडावं लागणार नाही." तो खुर्चीत बसला. "मी भित्रा आहे, असं म्हण."

"अन्नात माती कालवायची याला भित्रेपणा म्हणत नाहीत. त्या बायका कुठे गेल्या असत्या?"

"आणि मी कुठे जाऊ?" त्याचा आवाज चढला. "दार मिटल्यावर दिसत नाहीत अशा बिजागऱ्या बनवू म्हणालो, आता सगळे त्याच मागतात. बाबा म्हणाले बघू. तू म्हणालीस बघू. दादा काही म्हणालाच नाही. हे घर विटांचं नाहीये वहिनी, बघूचं आहे. माझे केस पांढरे व्हायला लागले, आणि खालच्या शिपायापासून सगळे मला धाकटा म्हणतात. तिथे मला पहिल्या दिवशी साहेब म्हणाले. हसू नकोस."

ती हसत नव्हती. त्याचं बघूचं घर तिला आतून लागलं होतं. पण सकाळचा राग अजून ओला होता, आणि रागात माणसाला न्याय सुचत नाही.

"मग जा साहेब व्हायला," ती म्हणाली, आणि खाली निघून गेली.

जिन्यात नवरा भेटला. "तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"फलकाचं नाही. जाण्याचं होतं."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तू रागावली असतीस. आणि तू रागावलीस की तो जेवत नाही. लहानपणापासून." तो जरा वेळ कठड्यावर हात फिरवत राहिला. मग मौनीबाबांनी त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलून टाकलं. "त्या बाईंनी आपल्याला विचारलं ना, काय केलं तर राहाल, ते ऐकून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं, तर म्हटलं, आपण त्याला हे कधीच विचारलं नाही."

थोरली खाली येऊन टेबलाशी बसली आणि पिना घालू लागली. दोन पानं, एक पिन, उघडून बघायचं, मिटून बघायचं. दोन बिजागऱ्या तिनं उलट्या जोडल्या आणि परत सोडवल्या. विचारायचं, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी जेवताना विचारायचं. त्याला आवडतं ते काहीतरी करायचं आणि मग विचारायचं. मग तिला वाटलं, जेवताना का? आत्ताच का नाही? ती उठली, पण पॉलिशच्या बाईनं काहीतरी विचारलं, ते सांगण्यात थोडा वेळ गेला.

बाहेर ऊन उतरलं होतं. धाकटा नेहमी जिन्यानं वरच्या वर ऑफिसात जायचा आणि वरच्या वर यायचा. खाली कारखान्यात त्यानं कित्येक महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं. आज तो गल्लीकडच्या दारानं आत आला. पांढरा शर्ट, हातात बॅग. तो थोरलीशी बोलण्यासाठीच आला होता, हे तिला लांबूनच कळलं.

पहिल्या प्रेसवरची बाई याच मोसमात कामाला लागली होती. तिनं चकचकीत बूट उंबऱ्याच्या आत पाहिले आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. तिची प्रेस थांबली. ती थांबली म्हणून दुसरी थांबली, मग तिसरी, मग सगळी रांग. ड्रम घरघरून गप्प झाला. जुन्या बायकांना तो कोण ते माहीत होतं, पण नियम म्हणजे नियम. एक थांबली की सगळ्या.

धाकटा बॅग हातात घेऊन त्या शांततेत उभा राहिला. त्यानं वर केलेल्या हातांकडे पाहिलं, एकेक करून, सगळ्यांकडे. नऊ वर्षांचा असताना याच जमिनीवर तो बिजागऱ्यांची गाडी करून खेळायचा आणि कुणीही मशीन थांबवत नसे.

थोरली टेबल सोडून पुढे आली. "अरे," ती म्हणाली. तिचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला. "काय केलं तर राहशील?"

त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. ते उत्तर असावं. तो ते बोलणारही होता.

"वहिनी," पहिल्या प्रेसवरची बाई हात तसेच वर ठेवून अदबीनं म्हणाली, "पाहुणे किती वेळ आहेत?"

"पाहुणे नाहीत गं ते! घरचेच..."

"असू दे," धाकटा म्हणाला. तो हसला, आणि ते हसू फलकावरच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. "काम खोळंबलंय त्यांचं. जातो मी, वहिनी. जेवून घे वेळेवर."

तो वळला. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला, मग दुसरा, आणि कुणी काही सांगायच्या आत पहिली प्रेस खाली आली.

थोरली धावत दारापर्यंत गेली आणि तिनं त्याला हाक मारली, एकदा, दोनदा, घसा फाटेपर्यंत. पण मशीन चालू असली की या कारखान्यात कुणाचं काही ऐकू येत नाही.